समाजमाध्यमे : सुरक्षितता आपली आणि शेजाऱ्याचीही

समाजमाध्यमांवरील सुरक्षितता म्हटले की आपल्याला प्रथम आपला पासवर्ड, आपले बँक खाते आणि आपली छायाचित्रे आठवतात. ते योग्यच आहे. परंतु सोलापूर जिल्ह्यातील काही कुटुंबांनी या माध्यमांपायी जी किंमत मोजली, ती पासवर्ड चोरीला गेल्यामुळे नव्हे, तर अनोळखी माणसांनी न तपासता पुढे पाठविलेल्या संदेशांमुळे. म्हणून या विषयाचा विचार तेथूनच सुरू केला पाहिजे.

दिनांक १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. त्यांतील बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातील होते. गावोगाव हिंडून भिक्षा मागणे हा या भटक्या समाजाचा परंपरागत जीवनक्रम आहे. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वत्र पसरल्या होत्या. जमावाला या परक्या माणसांचा संशय आला. त्यांना मारहाण झाली आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून पुन्हा मारहाण झाली. पाचही जण प्राणास मुकले. त्या मारहाणीच्या चित्रफितीही मग भ्रमणध्वनींवरून फिरत राहिल्या. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

अफवेचे संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात कोणाच्या हत्येचा विचार नसावा. मुलांच्या काळजीपोटीच अनेकांनी ते पाठविले असतील. मग काळजीतून एवढा अनर्थ कसा घडला?

त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीवरून हे समजून घेता येईल. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. वास्तविक ती पाकिस्तानातील कराची शहरात बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली फीत होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि जागृतीचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला आणि सावधगिरीचा पाठ भीतीचे साधन झाला. एखादे चित्र आपल्या हातून सुटले की त्याचा संदर्भही सुटतो, हे येथे ध्यानात ठेवावयाचे आहे.

जे चित्रफितीचे, तेच आपल्या खासगी छायाचित्राचे. प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारणाऱ्या मुलीचे छायाचित्र आपण आनंदाने प्रसृत करतो. त्यासोबत तिचे पूर्ण नाव, शाळा आणि राहण्याचा भागही लिहितो. नातलगांसाठी तो आनंदाचा ठेवा असतो, मात्र वाईट हेतूच्या माणसाला त्यातून तिचा सारा पत्ता मिळतो. कोणाचेही छायाचित्र उचलून त्याच्या नावाने खोटे खाते उघडता येते आणि आप्तेष्टांकडे पैसे मागता येतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. हा अधिकार जसा आपला, तसाच आपल्या छायाचित्रात उभ्या असलेल्या प्रत्येकाचा आहे. कुटुंबात आणि धर्मग्रामात पुढील गोष्टी सहज पाळता येतील.

१. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा अंकी पिन ठेवावा. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी कोणालाही, अगदी ओळखीच्या नावाने विचारणाऱ्यालाही, सांगू नये.

२. आपले छायाचित्र कोणी पाहावे आणि आपल्याला गटात कोणी सामील करावे, हे ‘प्रायव्हसी’ या विभागात ठरविता येते. दोन्ही ठिकाणी केवळ परिचितांना मुभा द्यावी.

३. गटातील सर्व सदस्यांना परस्परांचे क्रमांक दिसतात. म्हणून युवक-युवतींना किंवा भगिनींना त्यांची संमती घेतल्याशिवाय मोठ्या गटात घालू नये.

४. आधार कार्डाचे छायाचित्र गटावर टाकू नये. आवश्यकता भासल्यास पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ वापरावे.

५. मुलांची छायाचित्रे पालकांना विचारूनच प्रसिद्ध करावीत व त्यांवर शाळा आणि पत्ता लिहू नये.

६. अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र ‘यांच्यापासून सावध राहा’ असे लिहून कधीही पुढे पाठवू नये. खरोखर संशय असल्यास पोलिसांना ११२ या क्रमांकावर कळवावे.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. परंतु पाच ठिकाणीही असत्य पाठविता येते. यंत्राची मर्यादा विवेकाची जागा घेऊ शकत नाही. त्याच वर्षी जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी दिलेल्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातम्यांचाच विषय घेतला होता. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण बालपणी पाठ केली. न तपासता पुढे ढकललेला संदेश हीदेखील एक साक्षच आहे.

एवढी काळजी घेऊनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत. पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. मुलांना धोका असल्यास १०९८ ही बालसाहाय्य सेवा आहे. घरातील मुलांनाही आधीच सांगून ठेवावे, की काही चुकले तर रागावणार नाही, पण आम्हाला सांग. पुष्कळ मुले केवळ या आश्वासनाच्या अभावी एकटीच भीती सोसत राहतात.

मंगळवेढ्याहून निघालेली ती माणसे भिक्षेसाठी परक्या गावी गेली होती. पुढील वेळी एखाद्या अनोळखी चेहऱ्याचे छायाचित्र आपल्या पडद्यावर येईल, तेव्हा त्या माणसाचीही घरी कोणीतरी वाट पाहत असेल, हे आठवावे आणि बोट आवरावे.