संवेदना घडवणाऱ्या आधारपेशी

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि साधारण तेवढ्याच इतर पेशीही असतात. या इतर पेशींपैकी बहुतेक ग्लायल, म्हणजे आधारपेशी होत. ‘ग्लिया’चा अर्थ गोंद. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी हे नाव दिले, तेव्हा चेतापेशींना धरून ठेवणे एवढेच यांचे काम मानले जाई.

या पेशींमध्ये विद्युत् संदेश उमटत नसल्याने त्या दीर्घकाळ मुक्या वाटल्या. मात्र १९९० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या तारापेशींवर, म्हणजे आधारपेशींच्या एका प्रकारावर, ग्लूटामेट हे रसायन सोडताच त्यांच्या आत कॅल्शियमच्या लाटा उसळल्या. चेतापेशी एकमेकींशी बोलताना हेच रसायन वापरतात. आधारपेशी ते बोलणे ऐकत होत्या.

जिवंत मेंदूतील याचा एक पुरावा २००८ मध्ये मिळाला. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत मृगांक सूर यांच्या गटाने फेरेट या मुंगसाएवढ्या प्राण्याला पडद्यावर सरकत्या रेषा दाखवल्या. आडव्या, उभ्या, तिरक्या रेषांपैकी ठरावीक दिशेच्या रेषेलाच प्रत्येक तारापेशी जोमाने प्रतिसाद देत होती. फक्त तो चेतापेशींच्या मागून काही सेकंदांनी येई. तारापेशी सांडलेले ग्लूटामेट शोषून घेतात. हे शोषण रोखल्यावर त्यांचा प्रतिसाद मंदावला, त्या भागातील रक्तप्रवाहाचा बदल घटला आणि चेतापेशींचा प्रतिसाद मात्र लांबला. म्हणजे दृश्याचा संदेश केव्हा थांबावा, हे ठरवण्यातही आधारपेशींचा हात असतो.

वेदनेत हा सहभाग अधिक ठळक दिसतो. नस दुखावल्यावर मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या आधारपेशी जाग्या होतात आणि त्यांच्या संदेशांमुळे तिथल्या चेतापेशींवरचा लगाम सैल होतो. मग अंगावरच्या कपड्याचा हलका स्पर्शही झोंबू लागतो. जखम भरल्यावरही टिकणाऱ्या अशा दुखण्याचे हे एक कारण आहे.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्वचेतही वेदनेत भाग घेणाऱ्या अशाच पेशी दाखवल्या. त्वचेच्या वरच्या थराखाली ‘श्वान’ नावाच्या प्रकारातील आधारपेशींचे जाळे पसरलेले असते आणि वेदनेचे चेतातंतू त्यात गुंतलेले असतात. या पेशी प्रकाशाने चालू होतील अशी जनुकीय सोय केलेल्या उंदरांच्या पंजावर प्रकाश टाकताच त्यांनी पाय झटकला. काहीही टोचले नव्हते, तरी वेदना झाली. याच पेशी शांत केल्यावर टोचण्याची जाणीव कमी झाली.

जुनाट वेदनेवरील बहुतेक औषधे चेतापेशींना लक्ष्य करतात. आधारपेशींचे हे काम उलगडल्यामुळे उपचारांच्या शोधाला दुसरी वाट मिळाली आहे.