दिवाडीचा बिशप: मातेउस द कास्त्रो यांच्या नैतिक वारशाचा ताळेबंद

भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात मातेउस द कास्त्रो या गोमंतकीय बिशपाचे स्थान जितके मानाचे आहे तितकेच ते अडचणीचेही आहे. कारण कॅथलिक चर्चच्या लॅटिन परंपरेत बिशपपदावर पोहोचलेला हा पहिला भारतीय माणूस गोऱ्या सत्तेच्या वर्णाभिमानाविरुद्ध जन्मभर झगडला, पण त्या झगड्यासाठी त्याने जे शस्त्र उचलले ते जातीच्या श्रेष्ठत्वाचे होते. युरोपीय नसणे हा गुन्हा नाही, हे सिद्ध करण्यासाठी ब्राह्मण असणे हा गुण ठरवावा लागला, तर त्या लढ्याचे नैतिक मूल्य किती, हा प्रश्न सतराव्या शतकातला असला तरी त्याची झळ आजही जाणवते. कास्त्रो यांचे नाव गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. तथापि मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताची (एका बिशपाच्या अधिकारातील प्रदेशाची) वंशावळ शोधत गेल्यास ती 1637 साली त्यांच्यासाठी निर्माण झालेल्या पदापर्यंत पोहोचते, आणि त्यांच्या चरित्राने उभे केलेले प्रश्न परभणी जिल्ह्यातील पाथरी आणि गंगाखेड या गावांच्या इतिहासातही निराळ्या वेषात भेटतात.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने 'कल्याण' नावाच्या बंदरात इराणमध्ये दीक्षित झालेला बिशप असल्याची नोंद केली आहे आणि अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण मानतात. 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्याशांना प्राण गमवावे लागले. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, पुढे तेथे धर्मप्रांत स्थापन झाला, 1557 मध्ये त्यास आर्चबिशपचे पीठ मिळाले आणि 1560 मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. पूर्वेकडील चर्चमधील नेमणुका करण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाकडे होता, या व्यवस्थेला 'पाद्रोआदो' म्हणत. राजाच्या या मक्तेदारीला शह देण्यासाठी आणि धर्मप्रसार थेट पोपच्या हाती आणण्यासाठी रोमने 1622 मध्ये 'प्रोपागांदा फिदे' हे खाते स्थापन केले. या दोन सत्तांमधील फटीतून कास्त्रो वर आले.

गोवा ते रोम, पायवाटेने

कास्त्रो यांचा जन्म 1594 च्या सुमारास मांडवी नदीतील दिवाडी बेटावर, नावेली गावी, ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात झाला. बार्देशातील रेईश मागोश येथील फ्रान्सिस्कन विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मात्र धर्मगुरू होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली तेव्हा गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हाव द सा यांच्याकडून त्यांना नकार मिळाला. देशी माणसाला गुरुदीक्षा देण्यास त्या काळच्या युरोपीय धर्माधिकाऱ्यांचा विरोध असे आणि दीक्षा मिळालीच तर देशी पाद्री दुय्यम कामांपुरता ठेवला जाई. नकार मिळालेला सामान्य तरुण घरी परतला असता. कास्त्रो मात्र इराणमार्गे खुष्कीच्या वाटेने रोमकडे निघाले आणि 1625 मध्ये तेथे पोहोचले. प्रोपागांदाचे पहिले सचिव फ्रांचेस्को इंगोली हे देशी धर्मगुरूंचे खंदे पुरस्कर्ते होते आणि या गोमंतकीय तरुणात त्यांना आपल्या धोरणाचा जिवंत पुरावा दिसला. रोममध्ये शिक्षण पूर्ण करून 1630 च्या सुमारास कास्त्रो यांनी गुरुदीक्षा घेतली आणि ते गोव्यास परतले, परंतु तेथे रोमच्या कागदपत्रांना कोणी जुमानले नाही. ते पुन्हा रोमला गेले. 1637 मध्ये त्यांना क्रायसोपोलिसचे बिशप म्हणून अभिषेक झाला. हे पीठ केवळ नावापुरते होते. खरी नेमणूक आदिलशाही मुलखाचे 'व्हिकार अपॉस्तोलिक', म्हणजे ज्या प्रदेशात नियमित धर्मप्रांत नाही तेथे पोपच्या नावाने कारभार पाहणारा बिशप, अशी होती.

डिचोली: देवाचा आणि बिशपाचा आश्रय

कास्त्रो यांनी ठाणे मांडले ते आदिलशाहीच्या हद्दीतील डिचोलीत. हे गाव पोर्तुगीज सत्तेच्या डोळ्यांसमोर, पण तिच्या हातापलीकडे होते, आणि या निवडीमागील भूगोल समजून घेतल्याशिवाय या बिशपाचे चरित्र नीट उलगडत नाही. कदंब राजांचे आराध्यदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. बहमनी स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. विजयनगरचा अधिकारी माधव मंत्री याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा जीर्णोद्धार केला. 1560 मध्ये पोर्तुगीजांनी ते पुन्हा जमीनदोस्त केले. त्यानंतर त्यातील लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आले आणि तेथेच 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करविला, ज्याची साक्ष मंदिरातील शिलालेख देतो. सोळाव्या शतकातच तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतील कित्येक देवता खाडी ओलांडून मुसलमान सुलतानांच्या मुलखात स्थलांतरित झाल्या होत्या. कुशस्थळीचा मंगेश फोंड्याकडच्या प्रियोळला गेला तो याच लाटेत.

दिवाडीचा देव आणि दिवाडीचाच बिशप, एकाच सत्तेच्या जाचामुळे, एकाच खाडीच्या पलीकडे, एकाच मुसलमान राजवटीच्या आश्रयाला गेले, ही घटना दख्खनच्या धार्मिक इतिहासातील अत्यंत अर्थपूर्ण घटना मानावी लागेल. धर्मांवरून पक्ष ठरवणाऱ्या इतिहासलेखनाला या प्रसंगाचा उलगडा करता येत नाही. हिंदू दैवत आणि ख्रिस्ती धर्माधिकारी या दोघांनाही ख्रिस्ती राजापेक्षा विजापूरची आदिलशाही अधिक सुसह्य वाटावी, यात आदिलशाहीच्या उदारतेपेक्षाही पोर्तुगीज धोरणाच्या असहिष्णुतेचे मोजमाप अधिक आहे. आजही जुन्या गोव्याकडून फेरीबोटीने दिवाडीला जाणारा आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरणारा प्रवासी काही तासांत हा सारा इतिहास पायाखालून घालू शकतो. बेटावरच्या पिएदादच्या टेकडीवरील चर्चपासून नार्व्याच्या देवळापर्यंतचे अंतर पाहिले की निर्वासन किती जवळचे आणि तरीही किती पूर्ण होते, हे पुस्तकांपेक्षा अधिक चांगले कळते.

डिचोलीत कास्त्रो यांनी मुख्यतः ब्राह्मण ख्रिस्ती तरुणांना गुरुदीक्षा देण्यास सुरुवात केली. गोव्याने त्या दीक्षा मान्य केल्या नाहीत. उमेदवारांची तयारी अपुरी होती, असाही आक्षेप घेण्यात आला. पुढे त्यांच्यावर इथिओपियाची जबाबदारी सोपवण्यात आली, पण तांबड्या समुद्राच्या काठावरील मोखापलीकडे त्यांना जाता आले नाही आणि ते पुन्हा डिचोलीला परतले.

1653 चे पत्र आणि फितुरीचा आरोप

1653 मध्ये कास्त्रो यांनी गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्तींना उद्देशून 'एश्पेल्यु द ब्रामानेश', म्हणजे ब्राह्मणांचा आरसा, हा पत्ररूप ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांची गुलामगिरी निमूटपणे सोसणाऱ्या आपल्या जातिबांधवांना त्यांच्या प्राचीन प्रतिष्ठेची आठवण देऊन जागे करणे, हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यातील पोर्तुगीजांनी आपल्याच व्हाइसरॉयला, ओबिदुशच्या काउंटला, पदच्युत केले. 1637 पासून वेंगुर्ल्यात वखार घालून बसलेले डच संधीची वाट पाहत होतेच. आणि 1654 मध्ये विजापूरच्या फौजेने गोव्याच्या हद्दीवर चाल केली. या साऱ्यामागे कास्त्रो यांची चिथावणी असल्याचा आरोप पोर्तुगीजांनी ठेवला. त्यानंतर काही वर्षांतच ते कायमचे रोमला गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

फितुरीच्या आरोपाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ज्या सत्तेने भूमी जिंकून घेतली, देवळे पाडली आणि स्वधर्मीय झालेल्यांनाही बरोबरीची वागणूक नाकारली, त्या सत्तेशी एकनिष्ठ राहण्याचे नैतिक बंधन कास्त्रो यांच्यावर होते, असे म्हणता येणार नाही. परंतु बिशप हा माणसे सांभाळण्यासाठी नेमलेला असतो, आणि फौजा हद्दीवर आल्या की पहिली राख होते ती शेतकऱ्याच्या घराची. चिथावणीचा आरोप खरा असेल, तर त्याचा दोष राजद्रोहात शोधू नये. आपल्याच माणसांच्या गावांवर युद्ध ओढवून घेण्याच्या तयारीत तो शोधावा.

जातीचे शस्त्र

याहून गंभीर प्रश्न जातीचा आहे. कास्त्रो यांचा युक्तिवाद असा की ब्राह्मण हे कुलीन आणि विद्यावंत असल्याने ते धर्मगुरुपदास योग्य आहेत. यात नवे काही नव्हते. 1606 च्या गोव्यातील धर्मपरिषदेनेही देशी लोकांपैकी केवळ उच्च जातीयांनाच दीक्षा द्यावी, असा दंडक घातला होता. म्हणजे जो दरवाजा पोर्तुगीजांनी किंचित किलकिला केला होता, तो कास्त्रो यांनी जोराने ढकलला, पण त्याचा उंबरठा खाली आणला नाही. परिणाम पुढील शतकात दिसला. 1702 मध्ये आंतोनियो जुआंव द फ्रिआश या ब्राह्मण पाद्र्याने आपल्या जातीचे नाते बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या ज्ञानी राजांशी जोडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1713 मध्ये लेओनार्दो पाइश याने चारडो, म्हणजे क्षत्रिय मानल्या जाणाऱ्या ख्रिस्ती जातीचा, प्रतिवाद छापला. संत जुझे वाझ ज्या संस्थेचे होते त्या गोव्याच्या ओरेटरीत केवळ ब्राह्मणांना प्रवेश होता, म्हणून चारडो पाद्र्यांनी चिंबल येथे स्वतंत्र मठ उभा केला. जे शूद्र आणि अस्पृश्य मानले गेले, त्यांच्या वतीने लिहिणारा कोणी नव्हता.

आद्य ख्रिस्ती काळातील एका बिशपाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी 390 मध्ये थेस्सलोनिका येथील कत्तलीबद्दल रोमन सम्राट थिओडोसियस याला प्रायश्चित्त घ्यायला लावले आणि सत्तेपुढे न झुकणाऱ्या धर्माधिकाऱ्याचा आदर्श घालून दिला. पण दोनच वर्षे आधी, 388 मध्ये, कॅलिनिकम येथे ज्यूंचे प्रार्थनामंदिर जाळणाऱ्यांना भरपाई द्यायला लावण्याचा त्याच सम्राटाचा हुकूम त्यांनी मागे घ्यायला लावला होता. वरच्याला निर्भयपणे जाब विचारणारा माणूस खालच्यावरील अन्यायाकडे पाठ फिरवू शकतो, हे अँब्रोज यांच्याबाबत जितके खरे आहे तितकेच कास्त्रो यांच्याबाबत.

मराठवाड्याची तीन उदाहरणे

धर्म बदलूनही जात टिकते, ही केवळ गोव्याची गोष्ट नाही. फिरिश्ताच्या इतिहासानुसार अहमदनगरच्या निझामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता आणि त्याचे पूर्वज परभणी जिल्ह्यातील पाथरीचे कुलकर्णी होते. त्याचा नातू बुऱ्हाण निझामशाह याने पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्ध केले आणि ते जिंकल्यावर आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना तेथील इनाम दिले. दोन पिढ्यांपूर्वी सुटलेल्या जातीची ओढ एका सुलतानाला युद्धापर्यंत नेऊ शकली, हे ध्यानात घेतले म्हणजे दिवाडीच्या बिशपाचा जात्यभिमान व्यक्तिगत दोषापेक्षा दख्खनी समाजरचनेचा परिणाम अधिक वाटतो.

मात्र त्याच जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव आहे. शूद्र घरात जन्मलेल्या आणि नामदेवांच्या घरी दासीपण करणाऱ्या या स्त्रीचा आध्यात्मिक अधिकार कोणत्याही पीठाने दिला नव्हता आणि कुलाच्या आधाराने तो सिद्धही झाला नव्हता. तो तिच्या अभंगांनी मिळवला आणि समाजाने मान्य केला. कास्त्रो यांच्या तीन शतके आधी हा मार्ग या भूमीत उपलब्ध होता, म्हणून त्या काळी यापलीकडचा विचार शक्यच नव्हता, ही सबब पुरती पडत नाही.

तिसरे उदाहरण शेजारच्या जालन्याचे. 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हेही ब्राह्मण. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत जातीत घेण्यावरून उठलेले वादळ आणि त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी घेतलेली उदार बाजू मराठी वाचकांना ठाऊक आहे. नारायणरावांचे पुढील कार्य तितकेसे आठवले जात नाही. धर्मगुरू झाल्यावर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली आणि तेथे प्रामुख्याने मांग समाजातील कुटुंबांना जमीन, शाळा आणि प्रार्थनागृह मिळाले. जन्माने मिळालेली प्रतिष्ठा खर्च कशी करावी, याचा हा धडा कास्त्रो यांच्या चरित्रात सापडत नाही.

निवाडा

तरीही कास्त्रो यांचे ऋण नाकारता येत नाही. देशी माणूस बिशप होऊ शकतो, हे त्यांनी वादाने सिद्ध केले नाही, होऊन दाखवून सिद्ध केले. त्यांच्यामागून कुस्तोदियो द पिन्यो आणि नात्यातलेच तोमास द कास्त्रो हे गोमंतकीय त्याच पदाला पोहोचले. युरोपीयांच्या वरचष्म्याविरुद्ध 1787 मध्ये गोव्यातील पाद्र्यांनी केलेला पिंटोंचा उठाव त्याच असंतोषातून उपजला. 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि 1953 मध्ये, कास्त्रो यांच्या पत्राला तीनशे वर्षे होत असताना, पहिले भारतीय कार्डिनलही झाले. परभणीचा समावेश असलेला औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये स्थापन झाला. आणि हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे 2022 मध्ये कार्डिनल झाले तेव्हा त्या पदावर प्रथमच एक दलित व्यक्ती बसली.

1637 ते 2022 हे अंतर कास्त्रो यांच्या वारशाचे खरे माप आहे. त्यांनी मागितलेला न्याय योग्य होता, पण तो त्यांनी सर्वांसाठी मागितला नाही. म्हणून त्यांचे धैर्य जपावे आणि त्यांचा युक्तिवाद टाकून द्यावा, हाच त्यांच्या चरित्राचा प्रामाणिक निवाडा ठरतो. मराठी इतिहासलेखनाने या बिशपाला गोव्याच्या किंवा चर्चच्या खात्यावर ढकलून मोकळे होऊ नये. सप्तकोटेश्वर, पाथरी, गंगाखेड आणि बेथेल यांच्यासह त्यांचा अभ्यास व्हावा, आणि आज कोणत्याही वंचित समूहाच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मागणीतून आपल्याच खालचा कोणी वगळला जात नाही ना, हे आधी तपासून पाहावे.