आजीच्या ओव्यांना वेगळं घर

मित्रांनो, समजा तुमची आजी जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणते. तुम्ही घरच्या संगणकाला मायक्रोफोन जोडलात आणि ध्वनिमुद्रण सुरू केलंत. आजी अगदी रंगून गायली. पण नंतर ऐकता तर काय, मध्येच 'टक्' असा आवाज आणि ओवीतला एक शब्द गायब! चूक कोणाची? आजीची तर नक्कीच नाही. कधी कधी ही गडबड हार्ड डिस्कच्या धावपळीमुळे होते, बरं का!

हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत गरगर फिरणाऱ्या चुंबकीय चकत्या. घरच्या संगणकात त्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे! चकत्यांवर लिहिणारी-वाचणारी बारीक टोकं एकाच दांड्याला जोडलेली असतात. त्यामुळे एका वेळी दोन ठिकाणची कामं त्यांना जमत नाहीत.

आता थोडं गणित. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवताना संगणक तो सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो. प्रत्येक मापाला २ बाइट आणि डावी-उजवी अशा २ बाजू. गुणाकार करा: १,७६,४०० बाइट, तेही दर सेकंदाला! मिनिटाला झाले एक कोटीहून जास्त.

हे ओझं हार्ड डिस्कला तसं जड नाही. पण त्याच वेळी संगणकाला स्वतःच्याही फायली उघडायच्या असतात. मग तो दांडा सारखा इकडून तिकडे पळतो. तोवर आलेला आवाज 'बफर' नावाच्या जागेत थांबतो. नळाखाली ठेवलेली बादलीच म्हणा ना! बादली पिंपात ओतणाऱ्यालाच तुम्ही दुकानात पिटाळलंत तर? बादली भरून वाहणार. सांडलेलं पाणी म्हणजेच तो हरवलेला शब्द. गाणं, तबला, पेटी वेगवेगळी नोंदवली, तर पळापळ आणखी वाढते.

उपाय सोपा आहे. संगणकाची कामं एका डिस्कवर आणि आवाज दुसऱ्या डिस्कवर. मात्र एकाच डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे भाग पाडून फसू नका हं! नावं दोन, पण दांडा तोच.

आजच्या एसएसडीमध्ये फिरणारी चकती नसते, त्यामुळे ही अडचण खूपच कमी झाली आहे. तरीही वेगळी डिस्क उपयोगी पडते. संगणक बिघडला आणि पहिल्या डिस्कवरचं सगळं पुसून पुन्हा भरावं लागलं, तरी ओव्या दुसरीवर सुखरूप!

डिस्क बाहेरून जोडणार असाल, तर ती मायक्रोफोनपासून लांब ठेवा, नाहीतर तिची घरघरही गाण्यात येईल. मुद्रण चालू असताना तिची वायर मुळीच ओढू नका.

आणि आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही. वेगळी डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे. कोणतीही डिस्क एक ना एक दिवस बंद पडतेच. म्हणून मुद्रण संपलं की लगेच आणखी एका ठिकाणी प्रत काढून ठेवा. डिस्क बाजारात पुन्हा मिळेल. आजीचा आवाज मिळेल का?

मग, येत्या रविवारी आजीला गायला बसवणार ना?