ऑइल इंजिनाचे तांब्याचे हेड-गॅस्केट : ते कसे बसवावे व गळती कशी रोखावी

विहिरीवरील अगर नदीकाठचे ऑइल इंजिन रब्बीच्या ऐन हंगामात बंद पडले, तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चापुरते नसते. बागायती गव्हास पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाणी चुकले, तर फुटवे कमी येतात, आणि मागाहून कितीही पाणी दिले तरी ती उणीव भरून निघत नाही. इंजिन असे अवेळी बंद पडण्याच्या कारणांत हेड-गॅस्केट ‘उडणे’ हे एक नेहमीचे कारण आहे. पुष्कळ वेळा दोष गॅस्केटचा नसून ते बसविण्याच्या रीतीचा असतो.

गॅस्केटचे काम

सिलिंडर व त्यावरील हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो, तो गॅस्केट होय. त्यास एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : सिलिंडरातील तप्त वायू बाहेर जाऊ न देणे, आणि थंडाव्याचे पाणी सिलिंडरात अगर तेलात उतरू न देणे. त्यावर पडणारा भार किती असतो, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. इंग्लंडात डर्सली येथे १९२९ पासून तयार होऊ लागलेल्या आणि पुढे राजकोट येथील कारखान्यांनी ज्याच्या धर्तीवर इंजिने बनविली, त्या लिस्टर जातीच्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा सिलिंडर ११४.३ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे दट्ट्याचे क्षेत्र सुमारे १०२ चौरस सेंटिमीटर भरते. जळणाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरवर ५० किलो दाब धरला, तरी हेड वर उचलू पाहणारा जोर पाच टनांहून अधिक होतो. मिनिटास ६५० फेऱ्यांच्या गतीने हा तडाखा मिनिटागणिक ३२५ वेळा बसतो.

तांबेच का?

तांबे मऊ असल्यामुळे आवळताच दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचांत दबून बसते. ते उष्णता झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे कडा सहसा जळत नाहीत. परंतु दाबले अगर ठोकले गेले की ते कडक होते. तांबट भांडे मठारताना ते मधून मधून भट्टीत तापवून घेतो, ते याचसाठी. एकदा आवळलेले गॅस्केटही असेच कडक झालेले असते. तसेच पुन्हा बसविल्यास ते खाचांत दबत नाही आणि वायूस वाट मिळते.

तांब्याची गॅस्केटे दोन प्रकारची असतात. एक भरीव पत्र्याचे, आणि दुसरे दोन पातळ पत्र्यांमध्ये भरण असलेले. भरीव गॅस्केट तापवून मऊ केल्यास पुन्हा वापरता येते. भरणाचे गॅस्केट कधीही तापवू नये व काढल्यावर पुन्हा वापरू नये. जुन्या गॅस्केटांतील भरण पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असते. त्याची धूळ फुप्फुसास घातक असल्याने ते कोरडे खरवडू नये. पाण्याने भिजवून काढावे व पिशवीत बांधून वेगळे ठेवावे.

गळतीची लक्षणे

पाण्याच्या टाकीत बुडबुडे येणे, हेडाच्या सांध्यातून फुसफुस आवाज होणे व तेथे काळा डाग पडणे, इंजिन सुरू होण्यास जड जाणे, धुराड्यातून पांढरी वाफ येणे आणि तेल दुधाळ दिसणे ही गळतीची लक्षणे होत. यांपैकी एकही दिसल्यास इंजिन चालवीत राहू नये. सिलिंडरात साचलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो.

खोलणे व सफाई

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व पाणी काढून टाकावे. नट एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करीत जावे. गरम इंजिनाचे नट सोडल्यास हेड वाकण्याचा संभव असतो. सिलिंडरात स्वच्छ फडके घालून दोन्ही पृष्ठभागांवरील काजळी काढावी. स्टडचे आटे साफ करून त्यांस तेलाचे बोट लावावे. आटे गंजलेले असल्यास पाना जड लागतो, परंतु हेड मात्र सैल राहते.

यानंतर हेडावर व सिलिंडरावर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी व तिरपी धरून तिच्याखाली फिलर गेजची पात सरकते काय, हे पाहावे. भरीव तांबे खोल खळगा भरून काढीत नाही. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक फट असल्यास हेड कारखान्यातून सपाट करून आणावे. कानशीने घासून पाहण्याचा मोह टाळावा.

जाडीची परीक्षा

गॅस्केट मूळ जाडीचेच हवे. जाड घातल्यास दाब कमी होऊन इंजिन सुरू होण्यास त्रास देते, आणि पातळ घातल्यास दट्ट्या हेडावर आदळू शकतो. एकावर एक दोन गॅस्केटे कधीही घालू नयेत. खात्रीसाठी दट्ट्यावर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवून हेड आवळावे, गतिचक्र हाताने सावकाश फिरवावे व चपटलेल्या तारेची जाडी मोजून पुस्तिकेतील आकड्याशी ताडावी. ही परीक्षा गॅस्केट तापविण्यापूर्वी करावी, कारण तीत ते आवळले जाऊन कडक होते.

तापविणे

भरीव गॅस्केट सपाट लोखंडी पत्र्यावर ठेवून सावलीच्या जागी ब्लो-लॅम्पने सर्वत्र सारखे तापवावे. मंद लाल रंग आला की पुरे. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ज्योत एकाच जागी धरू नये. लाल झालेले गॅस्केट पाण्यात बुडविले तरी चालते. पोलादाप्रमाणे तांबे त्याने कडक होत नाही, उलट वरील काळी खपली सुटून येते. उरलेली खपली घासून काढावी आणि गॅस्केट वाकू न देता हाताळावे.

बसविणे व आवळणे

भरीव तांबे वायू चांगला अडविते, परंतु पाण्याच्या छिद्रांभोवती दाब कमी असल्याने तेथे झिरप होते. म्हणून त्या छिद्रांभोवती उष्णता सोसणाऱ्या सीलंटचा पातळ थर द्यावा. जाड थर दाबून छिद्रांत उतरतो व पाण्याची वाट बुजवितो.

नट समोरासमोरच्या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळावे आणि शेवटची फेरी टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्यापर्यंत करावी. पान्यास पाइप लावून जोर केल्यास स्टड ताणला जातो. नंतर व्हॉल्व्हचे अंतर लावून इंजिन भाराशिवाय सुमारे अर्धा तास चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे व नट त्याच क्रमाने पुन्हा तपासावे. तापून निवल्यावर तांबे किंचित दबते व नट सैल पडतात. काही तास काम झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी, आणि प्रत्येक वेळी व्हॉल्व्हचे अंतरही पाहावे.

अधिक दाबाची इंजिने

शर्यतीच्या व सुपरचार्जर बसविलेल्या इंजिनांत दाब फार मोठा असतो. तेथे सिलिंडराभोवती खाच कोरून तीत सुमारे एक मिलिमीटर जाडीची पोलादी तार बसवितात. तिचा किंचित वर राहिलेला भाग तांब्यात रुतून वायू अडवितो. हे काम कुशल कारखान्याचे आहे. अनेक नव्या इंजिनांना पोलादी थरांचे गॅस्केट असते. त्या जागी तांब्याचे घालू नये.

ज्यांचे सिंचन इंजिनावर अवलंबून आहे, अशा शेतकरी बंधूंनी रब्बीच्या पेरणीपूर्वीच हेडाचे नट व टाकीतील बुडबुडे यांची तपासणी करून घ्यावी, आणि योग्य जाडीचे एक गॅस्केट सपाट फळीवर ठेवून घरी जपून ठेवावे. गव्हाच्या पहिल्या पाळीस इंजिन रुसले, तरी मग पाणी एका दिवसापलीकडे लांबणार नाही.