डुकरांच्या शेडमध्ये खाद्याचं यंत्र : कर्ज काढण्याआधी हा हिशेब मांडा

मनमाड : खाद्य टाकायला माणूस मिळत नाही, मग यंत्रच बसवू, असं वराहपालन करणाऱ्या अनेकांना वाटतं. मोबाईलवर व्हिडिओही दिसतात. बटण दाबलं की दाणा पाइपातून थेट प्रत्येक खणात. पण त्यासाठी कर्ज काढण्याआधी कागद-पेन घेऊन बसलेलं बरं.

खर्च नेमका कशात जातो?

वराहपालनात एकूण खर्चापैकी साधारण 60 ते 70 टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. डुकराचं वजन एक किलो वाढायला सुमारे तीन किलो खाद्य लागतं. त्यात मका महाग झाला की हिशेब लगेच बिघडतो. म्हणून मजुरीआधी नासाडीकडे बघायला हवं.

उदाहरण घेऊ. आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येकाने आपले टाकून बघावेत. 100 वाढती डुकरं, रोज सरासरी दोन किलो खाद्य, म्हणजे दिवसाला दोन क्विंटल. 25 रुपये किलोने रोजचे 5,000 रुपये. उघड्या गव्हाणीत टाकलेल्या खाद्यातलं पाच टक्के जरी पायाखाली, शेणामुतात गेलं, तरी रोज 250 रुपये मातीत. वर्षाला 91 हजार!

नासाडी थांबवते ती पेटी, पाइप नाही

पत्र्याची खाद्यपेटी गावातला वेल्डिंगवालाही बनवून देतो. वर दाणा भरायचा, जनावर खाईल तसा तो खाली उतरतो. एका पेटीला 8,000 धरले तर 10 पेट्यांचे 80 हजार. नासाडी निम्मी झाली तरी वर्षाला 45 हजार वाचतात. दोन वर्षांच्या आत पैसा वसूल.

मोटर आणि पाइपाची लाइन फक्त पोती वाहण्याचं काम वाचवते. 100 डुकरांना दिवसाला 50 किलोची चार पोती लागतात. पेट्या असल्या की ते काम तासाभराचं. तासाला 60 रुपये धरले तर वर्षाला 22 हजारांच्या आसपास. लाइनला चार लाख लागले, तर 10 टक्क्यांनी नुसतं व्याजच 40 हजार. माणूसही सुटत नाही, कारण शेड धुणं, आजारी जनावर ओळखणं त्यालाच करायचं असतं.

अनुदान मिळालं तर?

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालन प्रकल्पाला 50 टक्के भांडवली अनुदान आहे. त्यात लाइनचा खर्च बसला आणि तो दोन लाखांवर आला, तरी व्याज 20 हजार. हातात उरले दोन हजार. त्यातून वीजबिल, दुरुस्ती आणि मुद्दल कसं भागणार? हजार डुकरं असतील तर गोष्ट वेगळी. तिथे रोज 40 पोती वाहायची असतात, तेव्हा लाइन परवडू शकते.

हे लक्षात ठेवा

- पेटी वाढत्या डुकरांसाठी. गाभण मादीला मोजूनच द्या. सतत खाऊन ती लठ्ठ झाली तर विताना त्रास होतो.
- पेटीची फट अशी ठेवा की खालच्या तळाचा साधारण एक तृतीयांश भागच दाण्याने झाकलेला राहील.
- हॉटेलचं उरलेलं अन्न घालणाऱ्यांनी यंत्राचा नाद सोडावा. कोरड्या दाण्याच्या लाइनमधून ते जात नाही. ते अन्न किमान अर्धा तास उकळूनच द्यावं. 2020 पासून देशात आलेल्या आफ्रिकन स्वाइन फिव्हरवर उपचार नाही, आणि तो उष्ट्या अन्नातूनही पसरतो.
- लाइन बसवलीच, तर वीज गेल्यावर हाताने भरता येईल अशी सोय ठेवा.

आधी आठ दिवस एक काम करा. गव्हाणीखाली सांडलेलं खाद्य रोज झाडून गोळा करा आणि काट्यावर तोला. किती रुपये मातीत जातात ते कळेल. मग त्या आकड्यावर ठरवा, पेटी घ्यायची, लाइन टाकायची की नुसती गव्हाण दुरुस्त करायची. अनुदानाच्या अर्जासाठी पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा.