समुद्रकांठची सहल आणि आपला संकोच

फसवणूक लोभी माणसाचीच होते, अशी आपली एक समजूत असते. मीहि पस्तीस वर्षें वर्गांत मुलांना तेंच सांगत आलों. परंतु २०२३ सालच्या नाताळच्या सुटीपूर्वीं मला माझा पाठ बदलावा लागला. ती हकीगत सांगण्यास आजहि संकोच वाटतो. पण त्या संकोचानेंच माझें अधिक नुकसान केलें, म्हणून ती सांगणें अवश्य आहे.

आम्हीं घरांतील अकरा माणसांनीं गणपतिपुळ्यास जाण्याचें ठरविलें होतें. उतरण्याची व्यवस्था मी पाहतों, असें मीं वडीलकीच्या अभिमानानें सांगितलें. इंटरनेटवर अगदीं पुळणीलगतच्या एका निवासाचीं सुंदर चित्रें दिसलीं. तेथील क्रमांकावर बोलणारा गृहस्थ मोठा आर्जवी होता. 'तासाभरांत जागा जाईल' अशी त्यानें घाई केली आणि मीं यूपीआयनें दहा हजार रुपये पाठविले. सायंकाळीं त्याचा फोन आला, "काका, नोंद चुकली, पैसे परत करतों. हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन घाला." मीं पिन घातला आणि आणखी दहा हजार गेले!

पुढें मीं काय केलें? कांहींच नाहीं. सुना-नातवंडांपुढें मान खालीं जाईल, या भीतीनें दोन दिवस गप्प राहिलों. अखेर धाकट्या बंधूस सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "अण्णा, त्याच घटकेला सांगायचें होतें! १९३० वर लगेच फोन केला असता, तर पैसे कदाचित् अडवतां आले असते." सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीं १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी गेलेली रक्कम बँकेंत रोखली जाण्याची आशा अधिक. माझी ती वेळ लाजेपायीं निघून गेली.

या अनुभवावरून कांहीं गोष्टी घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवाव्या. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठींच लागतो. घेण्यासाठीं पिनहि लागत नाहीं आणि कोडहि स्कॅन करावा लागत नाहीं. निवासाचा क्रमांक दुसऱ्या ठिकाणाहून पडताळावा. पर्यटन महामंडळाचें निवासस्थान हवें असल्यास महामंडळाच्याच संकेतस्थळावरून नोंद करावी. पैसे पाठविण्यापूर्वीं पडद्यावर येणारें नांव वाचावें.

किनाऱ्यावर होडींत बसण्यापूर्वींच विचारावें: दर माणशीं कीं होडीचा? फेरी किती वेळाची? लाईफ जॅकेट प्रत्येकास आहे ना? रस्त्यांतच गांठून 'सर्व खेळांचे एकत्र पैसे भरा' म्हणणाऱ्या दलालास आगाऊ रक्कम देऊं नये. गोव्यांत स्वतः चालविण्यासाठीं गाडी घेतांना पाटी पाहावी. परवानाधारक भाड्याच्या गाडीची पाटी काळी व अक्षरें पिवळीं असतात. पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें म्हणजे खासगी गाडी, ती भाड्यानें घेऊं नये. गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं तिच्यावरील ओरखड्यांचीं छायाचित्रें काढावीं. म्हणजे परत करतांना जुन्या ओरखड्याची भरपाई आपल्या माथीं येत नाहीं.

आम्ही गणपतिपुळ्यास गेलों, हेंहि सांगितलें पाहिजे. एका घरगुती निवासाच्या मालकीणबाईंनीं आधीं खोल्या दाखविल्या, दर सांगितला आणि म्हणाल्या, "पैसे काय, निघतांना द्या." फोनवरच्या त्या भामट्यावरून कोंकणच्या माणसांची परीक्षा केली असती, तर मोठाच अन्याय झाला असता.

आतां आमच्या घरीं एक नियम आहे. फसलेल्या माणसास प्रथम कोणी हंसावयाचें नाहीं व रागवावयाचें नाहीं. आधीं फोन, मग बोलणें. हा नियम सर्वांत अधिक उपयोगी पडावयाचा तो आम्हां वडील मंडळींनाच!