उघड्या जबड्यात काय जातं?

शार्कची भीती आपल्याला सिनेमाच्या पडद्यानं दिली. 1975 साली ‘जॉज’ आला आणि पाण्यावर तिकोनी पर दिसला की मरण आलं, हे समीकरण जगभर पक्कं झालं. मालवणात मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण मिटक्या मारत खाणाऱ्यांच्या मनातही ते घर करून बसलं. माझ्या मनात तर होतंच. त्यामुळे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉल बेटाजवळ, आमच्या छोट्या बोटीच्या कप्तानानं हात करून “तो बघा” म्हटलं, तेव्हा मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

करड्या पाण्यावर काळा पर उभा होता. कप्तानानं इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि म्हणाला, “एक नाही, तीन टोकं दिसतील. नीट बघा.” खरंच तीन होती. पुढे नाकाचा शेंडा, मध्ये पाठीवरचा पर आणि बरंच मागे शेपटीचं टोक, संथपणे डावी-उजवीकडे हलणारं. ही तिन्ही टोकं एकाच माशाची. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर आमच्या बोटीइतकं भरत होतं, आणि हे लक्षात आल्यावर माझी भीती आधी वाढलीच.

हा बास्किंग शार्क. व्हेल शार्कनंतर जगातला सर्वांत मोठा मासा. दहा मीटरपर्यंत वाढतो. ज्याला बघून आपण घाबरतो, त्या पांढऱ्या शार्कच्याच गणातला. पण तो कोणाचा पाठलाग करत नाही. उन्हाळ्यात बेटांभोवती भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांना भिडतात, तिथे प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जीवांचे, दाट थर जमतात. त्यात कोळंबीचे दूरचे भाऊबंद असलेले कोपेपॉड असतात, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. आठ-दहा मीटरचा हा देह त्यांच्यासाठी इथवर येतो.

मासा वळून बोटीच्या बाजूनं गेला, तेव्हा तोंड आतपर्यंत दिसलं. जबडा जवळजवळ मीटरभर उघडा, आतून पांढराफटक. दात शेकडो, पण खाण्याच्या कामी न येणारे, जेमतेम काही मिलिमीटरचे. डोक्यामागे दोन्ही अंगांना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी, इतक्या लांब की डोकं जवळजवळ गोल कापल्यासारखं वाटतं. त्या कल्ल्यांच्या कमानींवर ताठ केसांच्या रांगा असतात आणि त्यांवर चिकट स्राव. हा मासा पाणी ओढून घेत नाही, की तोंडानं शोषत नाही. तोंड उघडं ठेवून फक्त पोहत राहतो, ताशी तीनेक किलोमीटरच्या, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याच्या वेगानं. पाणी समोरून शिरतं, फटींतून बाहेर पडतं, प्लवक आत अडकतात. तासाभरात शेकडो टन समुद्र असा वस्त्रगाळ होतो. मधूनच तोंड मिटतं, घास गिळला जातो, पुन्हा जबडा उघडतो.

माझी भीती गेली ती इथे. कोणी समजूत घातली म्हणून नव्हे, तर त्या उघड्या तोंडात काय जातंय ते डोळ्यांनी दिसलं म्हणून. बोटीवरची आम्ही सगळी माणसं त्याच्या हिशेबातच नव्हतो.

तरीही अंतर हवंच. हा मासा कधीकधी अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळी मारतो. 1937 साली स्कॉटलंडमध्येच, कॅराडेलजवळ, अशा शार्कमुळे होडी उलटून तिघं बुडाले होते. त्यात वैर नव्हतं, पण काही टनांचं वजन होतं. म्हणून शंभर मीटरच्या आत आल्यावर इंजिनाचा पंखा फिरता ठेवायचा नाही, हा इथला दंडक मला योग्य वाटतो. तो माशाला पंख्याच्या जखमांपासूनही वाचवतो.

हिवाळ्यात हे मासे दिसेनासे होतात. समुद्राच्या तळाशी जाऊन ते झोपून राहत असावेत, असा तर्क 1950च्या दशकात मांडला गेला होता. पुढे उपग्रहाशी बोलणारी उपकरणं त्यांच्या अंगावर लावली आणि तो तर्क कोसळला. आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या आइल ऑफ मॅन बेटाजवळ 2007 साली खूण लावलेला एक शार्क अटलांटिक ओलांडून थेट कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ निघाला. साडेनऊ हजार किलोमीटरची ती वाट. मध्ये तो बाराशे मीटरहून खोल, जिथे उजेडाचा कणही पोचत नाही, तिथे जाऊन आला. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांजवळ खुणा लावलेले काही शार्क पार कॅनरी बेटांकडे उतरले. ज्याला आपण सुस्त समजत होतो, त्याला अर्धा महासागर अंगण होता.

आणि आपण काय केलं? त्याच्या प्रचंड यकृतातल्या तेलासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडच्या सोए बेटावर कारखाना उघडला गेला. तो काही वर्षांतच बंद पडला. त्याहून मला छळतं ते कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं प्रकरण. तिथे हे मासे सॅमन मासे पकडायच्या जाळ्यांत अडकून ती फाडायचे. म्हणून 1955 पासून सरकारी गस्ती बोटीच्या नाळेवर धारदार पातं बसवून पृष्ठभागावर चरणाऱ्या शार्कना मधोमध कापलं जाई. शेकडो मारले गेले. आज त्या किनाऱ्यावर बास्किंग शार्क दिसणं ही दुर्मीळ बातमी आहे. हे मासे उशिरा वयात येतात, पिल्लंही कमी होतात. एकदा तुटलेली फळी सहज भरून निघत नाही.

ब्रिटननं 1998 साली त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं आणि 2020 साली हेब्रिडीजचा समुद्र संरक्षित जाहीर झाला. आपल्याकडेही असाच एक गाळून खाणारा शार्क आहे: व्हेल शार्क. तो अरबी समुद्रात फिरतो, अधूनमधून कोकणातल्या जाळ्यांतही सापडतो. 2001 पासून त्याला मारणं हा भारतात गुन्हा आहे. उद्या कोकणात डॉल्फिन बघायला बोटीत बसाल आणि पाण्यावर ठिपक्याठिपक्यांची रुंद पाठ दिसली, तर ओरडू नका, जवळ जायचा हट्ट धरू नका. तांडेलाला इंजिन मंद करायला सांगा आणि डोळे भरून बघून घ्या.